भिंतीतून काढलेला उंदीर

जुन्या जालन्यातल्या आमच्या घराला दोन खोल्या होत्या, आणि त्यांतली एक आमची नव्हतीच. ती पोत्यांची होती. अण्णा बैलगाडी हाकायचे. आडतीवरून तुरीची, हरभऱ्याची, मुगाची पोती घरी आणून टाकायचे, आणि माय ती पाखडून, निवडून परत पाठवायची. त्यामुळं आम्ही चौघं, म्हणजे अण्णा, माय, मी आणि माझा धाकटा भाऊ नाम्या, पुढच्या खोलीत दाटीवाटीनं राहायचो आणि मागच्या ऐसपैस खोलीत धान्य पाहुण्यासारखं पडून असायचं. पहाटे मशिदीतली बांग व्हायची, मग कापसाच्या जिनाचा भोंगा, आणि त्या दोहोंच्या मधे कधीतरी मायचं सूप सुरू व्हायचं. घरभर फोलपटं असायची. भाकरीत, जवसाच्या चटणीत, अंथरुणात, नाम्याच्या नाकात. येसराच्या आमटीवर तरंगणारं फोलपट मी बोटानं बाजूला सारलं की माय म्हणायची, "खा की गपचीप. घोड्यायला तेच घालतेत, बघ कसे पळतेत."

मला निवडायला कधी बसवलं ते आठवत नाही, म्हणजे फार लहानपणीच बसवलं असणार. ताटात डाळ पसरायची आणि बोटांनी खडे हुडकायचे. या कामाला हात पुरा लागतो, पण डोळे थोडेसेच लागतात. उरलेली नजर मोकळी राहते. माझी नजर समोरच्या भिंतीवर असायची. एक खेप गेली आणि दुसरी यायची असली की मागच्या खोलीची भिंत उघडी पडायची, आणि तेवढ्या वेळापुरती ती माझी असायची. बाभळीचा कोळसा भिंतीला ओरखडतो. तुरीच्या काड्यांचा, तुराट्यांचा, मऊ असतो. चुलीतून अर्धी जळलेली तुराटी ओढायची, मातीत दाबून विझवायची, आणि काढायला लागायचं. मायची अट एकच होती. आधी ताट, मग भिंत. एक ताट रिकामं झाल्यावर दुसरं भरायच्या आत जेवढं काढून होईल तेवढं काढायचं. मोठेपणी एका जाणकार माणसानं माझी चित्रं पाहून 'तुमच्या रेषेत फार घाई आहे' असं सांगितलं, तेव्हा मला हसू आवरेना. त्या बिचाऱ्याला ताटाचं काय ठाऊक!

समोर असेल ते काढायची. उखळ, बैलाचं तोंड, खुंटीवरचं अण्णांचं पागोटं. दर अमावास्येला माय शेणामातीनं भिंत सारवायची आणि सगळं नाहीसं व्हायचं. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट कोरी भिंत मिळायची. पण माय कधी 'चित्रं पुसते' असं म्हणायची नाही. पुसायचं ते रांडावलेल्या बाईचं कुंकू. बांगडी फुटली तरी ती वाढवली म्हणायचं, तसंच ती म्हणायची, "कौसे, आज भिंत वाढवते बरं का." पुढं मी अंबडला सासरी आले, लेकरं झाली, नवऱ्याच्या पिठाच्या चक्कीवर बसले, आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात चक्कीमागची भिंत काळी करत राहिले. आता सून चांगले जाड कागद आणून देते. कागदाची मला अजून धास्ती वाटते, कारण त्यावरचं राहतं.

एकदा नाम्या अर्ध्या रिकाम्या पोत्यावर अंगठा तोंडात घालून झोपला होता. तीन वर्षांचा असेल. पोट उघडं, करदोटा वर सरकलेला. मी त्याला काढलं आणि कसं कोण जाणे, तो हुबेहूब उतरला. माय सारवायला आली, पोतेरं हातात धरून जरा वेळ उभी राहिली, आणि तेवढा तुकडा सोडून बाकीची भिंत सारवून गेली. तोंडावर कौतुक करायची आमच्या घरात रीत नव्हती, त्यामुळं मी किती हुरळले असेन ते सांगायला नको. त्याच भरात नाम्याच्या पायांपासून हातभर अंतरावर मी एक उंदीर काढला. पोत्याच्या काठावर बसून, पुढच्या दोन पायांत दाणा धरून खाणारा. उंदीर आमच्याकडचा रोजचाच गडी होता, त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. शेजारची राधाबाई विस्तव मागायला आली होती, ती दारातून डोकावली आणि ओरडली, "अगं बया! ह्यो तर आत्ता पळंल!" परक्या माणसानं केलेली माझी ती पहिली तारीफ. मग अण्णांनी नवी पोती आणली आणि त्या भिंतीशी थप्पी रचली. ओल लागू नये म्हणून भिंत आणि पोती यांच्यात हातभर फट सोडायची असते, तेवढी सोडली. चित्रं त्या फटीच्या अंधारात गेली आणि मी त्यांना विसरून गेले.

त्या हिवाळ्यात गाठीचा रोग आला. प्लेग हा शब्द गल्लीत कुणी तोंडातून काढत नव्हतं. 'उंदीर पडला' एवढंच म्हणायचं, आणि ते ऐकलं की तव्यावरची भाकरी तव्यावर सोडून माणसं घराबाहेर व्हायची. नदीपलीकडं पडला, सराफ्यात पडला, असं रोज कानावर येत होतं. एका सकाळी माय पाखडत बसली होती, मी शेजारी ताट घेऊन होते, आणि थप्पीखालून एक उंदीर भर उजेडात बाहेर आला. आम्हांला भ्याला नाही. झोकांड्या खात मायच्या पुढ्यात आला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि आडवा झाला. मायनं सूप खाली ठेवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "कौसे, नाम्याला उचल. पाय खाली टेकू देऊ नको त्याचा."

गल्लीतला पहिला उंदीर आमच्या घरी पडला होता. अण्णांनी त्याच्यावर घासलेट ओतून त्याला जाळलं, गाडी जुंपली, आणि आम्ही भांडी चढवत असताना राधाबाई आपल्या दारातून सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "म्या डोळ्यानं पाह्यला व्हता. कौसीनं भिंतीतून उंदीर काढला! बिलकुल जित्ता. आधी काढला, मंग पडला. आनखी काय व्हनार?"

आपल्या भाषेत चित्रही काढतात आणि बिळातला उंदीरही काढतात. राधाबाईनं तो शब्द कुठल्या अर्थानं वापरला ते तिलाही सांगता आलं नसतं, पण गल्लीनं तो दुसऱ्या अर्थानं ऐकला. बायका माझ्या हातांकडं बघायला लागल्या. मी हात परकराच्या ओच्यात लपवले. मला स्वतःलाही ते पटलं होतं. मायनं घागर गाडीत ठेवली आणि राधाबाईला म्हणाली, "चूप बस. पोरीनं मागच्या साली हत्ती काढला व्हता. आल्ता का तुज्या दारात?" राधाबाई गप्प झाली. माझ्या मनातली राधाबाई मात्र बोलतच राहिली.

शहराबाहेर, अंबडच्या रस्त्याला, माळावर खोपी उभ्या राहिल्या. वाळल्या कपाशीच्या काड्यांच्या, पऱ्हाटीच्या, भिंती आणि वर कडबा. पऱ्हाटीतून वारा शिरायचा आणि पांघरुणाखालूनही दात वाजायचे. पण थंडीपेक्षा वाईट होती ती शांतता. जिनाचा भोंगा बंद, बाजार बंद, सगळं जालनं मुकं. एका मशिदीतली बांग तेवढी माळापर्यंत पोचायची. बांग देणारा म्हातारा शहर सोडून गेला नव्हता. पहाटे ती ऐकू आली की माय म्हणायची, "हाय बाबा, म्हातारा हाय," आणि खोपीखोपीतून माणसं हलायला लागायची. एका पहाटे बांग झालीच नाही. त्या दिवशी ज्वारीच्या कण्या कुणाच्याच घशाखाली उतरेनात.

रोज सकाळी माय आम्हां दोघांना खोपीमागं न्यायची आणि काखेत, मानेला, जांघेत बोटं दाबून गाठ आहे का ते बघायची. तिची बोटं गार असायची. ती दाबत असताना मी श्वास रोखून तिच्या तोंडाकडं बघायची आणि ती "न्हाई" म्हणाली की सोडायची. मग दिवसभर काम नव्हतं. पोती नाहीत, ताट नाही. चुलींपाशी तुराटीचे मऊ कोळसे हवे तेवढे पडलेले असायचे, पण मी त्यांच्याकडं बघायची नाही. उजवा हात काखेत दाबून बसायची. नाम्या मागं लागायचा, "अक्का, बैल काढ की," आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवायची. उंदीर कसा मरतो, त्याच्या अंगावरची पिसू माणसाला कशी चावते, हे सगळं शास्त्र पुढं मुलांच्या पुस्तकांतून मला कळलं आणि पटलंही. तरी उंदीर काढायची छाती मला आजवर झालेली नाही.

मग नाम्याचं अंग तापलं. मायनं त्याच्या काखा दाबून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, जांघा पाहिल्या. "अजून न्हाई," ती म्हणाली. तिच्या रोजच्या 'न्हाई'ला तो 'अजून' आजवर कधी लागला नव्हता. अण्णा गाडी घेऊन स्टेशनाकडं गेले होते. नाम्या कण्हत होता, आणि मला एकदम आठवलं की ते दोघं तिकडं भिंतीवर शेजारी शेजारी आहेत. उंदराच्या तोंडापाशी नाम्याचे पाय. पोत्यांमागं, अंधारात, घरात कुणी नसताना. मायनं मला गवऱ्या वेचायला पाठवलं. मी टोपलं घेऊन निघाले, खोपी दिसेनाशा झाल्यावर ते झुडपात टाकलं, आणि शहराकडं पळत सुटले.

चोऱ्या होऊ नयेत म्हणून गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा शिपाई बसवला होता. गळ्यात कापराची पुडी. "किधर जारी बेटी? अंदर नक्को जाव," तो म्हणाला. "मायनं तवा आनाया सांगितला," मी ठोकून दिलं. मला अडवायला त्यानं हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला. धरायचं म्हणजे मला शिवावं लागलं असतं. तोही भ्यालेलाच होता. "जल्दी आ," तो मागून ओरडला, "किसी चीज कू हात नक्को लगा!" सगळ्या दारांना कुलपं होती, घाईत निघालेल्या आमच्या दाराला तेवढी नुसती कडी. रिकाम्या गल्लीत माझ्याच पावलांचा आवाज मला कुणीतरी मागं लागल्यासारखा ऐकू येत होता. आमच्या दारावर कुणीतरी गेरूनं गोल खूण केली होती, रोगाचं घर म्हणून. वाकडा गोल, घाईत काढलेला.

कडी काढून आत गेले. कुबट वास नाकात शिरला. थप्पीतलं एक पोतं कुरतडून फुटलं होतं आणि तूर जमिनीवर सांडली होती. पोत्यांच्या आत कुठंतरी खुडखुड चालू होती. मी थांबले की ती थांबायची. भिंत आणि थप्पीमधल्या फटीत आडवं होऊन शिरावं लागलं. पायाखाली काहीतरी मऊ आलं. मी खाली पाहिलं नाही. छताच्या झरोक्यातून थोडा उजेड येत होता, त्यात ते दिसले. नाम्या तसाच झोपला होता, उंदीर तसाच खात होता. पण मी हातभर ठेवलेलं अंतर मला वीतभर दिसलं. आज म्हणेन की भीतीनं तसं दिसलं असेल. तेव्हा मला वाटलं, तो सरकला.

उंदीर पुसून टाकायला मी हात उचलला, आणि हात हवेतच राहिला. काढल्यावर खरा आला, तर पुसल्यावर तो कुठं जाईल? आणि पुसता पुसता नाम्याच्या पायाला तळवा लागला तर? नाम्याला पुसलं असं होईल. ज्या शब्दाला मायनं घरात कधी थारा दिला नाही, तेच करायला मी आले होते. रडूही येत नव्हतं. मग जे एकच मला येत होतं ते मी केलं. चुलीतून एक तुराटी आणली, पुन्हा फटीत शिरले, आणि त्या उरलेल्या जागेत, दोघांच्या मधे, मायला काढलं. त्याआधी तिला कधी काढलं नव्हतं; ती एका जागी बसेल तर ना! पदर खोचलेली, केरसुणी उगारलेली, तोंड उंदराकडं केलेली माय. राखणीला उभं केलेलं माणूस चोराकडं तोंड करूनच उभं राहणार, असा माझा हिशेब. रेघ सरळ आली. कोळसा तिथंच टाकून मी पळाले.

नाम्याचा कान फुटला, पू वाहून गेला आणि ताप उतरला. दुखणं कानाचंच होतं. त्या संध्याकाळी मी पोटभर भाकरी खाल्ली. माझ्या हातानं आणलं होतं, माझ्याच हातानं घालवलं, असं मला वाटत होतं, आणि त्या आनंदात मी नाम्याला धुळीत बोटानं एक बैलही काढून दिला. मग एका सकाळी माय आम्हांला खोपीमागं न्यायला उठलीच नाही. पऱ्हाटीला टेकून बसली होती आणि तिचे दात वाजत होते. अण्णांनी तिच्या कपाळाला हात लावला. तिनंच सांगितलं, गाठ जांघेत आहे आणि ती कालपासून आहे.

आजारी माणसाला वेगळ्या खोपीत, माळाच्या कडेला ठेवायचे. अण्णा त्या खोपीच्या दारात बसायचे. आम्हां पोरांना एका बाभळीच्या पुढं जाऊ देत नव्हते. मी त्या बाभळीपाशी उभी राहिले आणि जे सांगायचं होतं ते मला ओरडून सांगावं लागलं. "माय! म्या घरी गेल्ते! नाम्याच्या अन् उंदराच्या मधी म्या तुला काढलं!" सगळ्या माळानं ऐकलं असणार. राधाबाईनंही. मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्यामुळं माय मरणार, एवढंच मला दिसत होतं.

अण्णांनी खोपीत वळून पाहिलं. मग खोपीतून मायचा आवाज आला, बारीक, पण नेहमीच्याच चिडीचा. "तोंड कुनीकडं केलं माजं?"

"उंदराकडं!"

"येडी का खुळी! त्या मेल्याकडं काय बघायचं? नाम्याकडं करायचं व्हतंस. लेकरू निजलं व्हतं ना थितं?" मग तिला धाप लागली. अण्णा तिला बोलू नको म्हणत होते, तरी ती बोललीच. "अन् रडू नको. तुज्या कोळशानं हुभं केलं म्हनून म्या हुभी न्हाई. तू काढायच्या आधीच म्या थितं हुभी व्हते. जा, त्याला कण्या घाल."

माय गेली. मला शेवटपर्यंत बाभळीच्या पुढं जाऊ दिलं नाही. अडवणारे बरोबर होते, आणि मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

उन्हं तापायला लागली तसा रोग ओसरला आणि आम्ही घरी परतलो. सरकारी माणसांनी घराघरातून चुना मारला होता. पोती उचलून नेलेली, मागची भिंत पांढरीफेक. भिंतीवरची तिघंही गेली होती. मी भिंतीला हात लावून रडले, आणि रडता रडता सुटल्यासारखंही वाटलं. अण्णांनी पुन्हा पोती आणायला सुरुवात केली. आता पाखडणंही माझ्याकडं आलं आणि निवडणंही. पहिली खेप आडतीवर परत गेली आणि भिंत उघडी पडली, तेव्हा मी चुलीतून तुराटी ओढली आणि ती हातात धरून किती वेळ उभी राहिले कुणास ठाऊक. काढलं तर काय होईल, हा प्रश्न त्या दिवसानंतर मला कधी सुटलेला नाही. आजही कोळसा उचलला की तो पहिल्यांदा येतो, आणि त्याला येऊ देऊन मी कामाला लागते. त्या दिवशी तसंच केलं. मायला काढलं. बसलेली, हात मोकळे, मान वळवून खाली बघणारी. जिथं ती बघत होती तिथं नाम्याला काढायला हात वळेना. पांढऱ्या चुन्यावर तेवढी जागा मी तशीच सोडली आणि मागं सरले.

नाम्या दारातून बघत होता. तो आत आला आणि भिंतीपुढं उभा राहिला. "ही माय हाय?"

"हां."

"कोनाकडं बघून राह्यली?"

"तुज्याकडं."

त्यानं मायच्या डोळ्यांकडं पाहिलं, मग त्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. भिंतीला पाठ लावून तो तिथं उकिडवा बसला आणि मान वर केली.

"हितं?"

"जरा अलीकडं सरक," मी म्हणाले.